बंड रविवारीच का झालं

परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, नायगारा पाहिलास का. नाही पाहिला. पाणी वरून खाली पडतं, त्यात पाहायचं काय? खालून वर चढत असतं तर मी स्वतः पत्रक काढून सगळ्या वस्तीला घेऊन गेले असते. मी अमेरिकेत पाहिली ती एक वेगळीच नदी. ती कुठून पडत नाही, नुसती चिखलातून पसरत जाते, आणि तिच्या काठी फोटो काढावा असं काहीही नाही. ती पाहण्याच्या भानगडीत एका मोटेलची आगीची घंटा वाजली, एका कुत्र्याचं पोट बिघडलं असावं, आणि माझी सात कारणं वाया गेली. त्याची ही हकीगत.

आधी गेले कशी ते सांगते, नाहीतर लोक म्हणतील चळवळीच्या वर्गणीवर गेली. उत्तरेकडच्या एका विद्यापीठात तरुण कार्यकर्त्यांची परिषद होती. तिकीट त्यांचं. परिषदेत सगळेच एकमेकांशी सहमत होते, त्यामुळे फार कंटाळा आला. तिथून मी नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलला, माझ्या मामेभावाकडे गेले.

मिलिंददादा मूळचा नागपूरचा, सॉफ्टवेअरमध्ये. सुषमावहिनी भंडाऱ्याची, एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत. त्यांची मुलगी संघमित्रा, तेरा वर्षांची. शाळेत तिला सॅम म्हणतात. एवढं इतिहास घडवणारं नाव ठेवायचं आणि शेवटी सॅम, म्हणून मी विमानतळावरच निषेध नोंदवला. ती म्हणाली, "आत्या, इट्स फाइन, रिलॅक्स." मग मी तिचाही निषेध नोंदवला.

दादा तिथल्या आपल्या लोकांच्या मंडळाचा सचिव. जयंतीला प्रमुख वक्ता म्हणून त्यानंच माझं नाव लावून धरलं होतं. विषय मी कळवला होता: गुलामांच्या बंडाची कारणं. आपल्याकडे अमेरिकेचं स्वातंत्र्य शिकवतात तेव्हा चहाची खोकी समुद्रात फेकणारे गोरे शिकवतात. त्यांच्याही आधी, १७३९ साली, कॅरोलायना ही इंग्रजांची वसाहत असताना, स्टोनो नावाच्या नदीकाठी भातशेतीवरच्या काळ्या गुलामांनी बंड केलं होतं, ते कोणी शिकवत नाही. मी त्यावर मराठीत आणि इंग्रजीत पत्रक लिहून, छापून, दोन गठ्ठे बांधून सोबत नेलं होतं.

मॉरिसव्हिल, चौदा एप्रिल

"परवाचा मंडप कुठं घातलाय?" मी गाडीत बसल्या बसल्या विचारलं.

"परवा सोमवार आहे," दादा म्हणाला.

"परवा चौदा एप्रिल आहे."

"हो ना, पण सोमवार आहे. जयंती सव्वीसला ठेवलीय, शनिवारी. एकोणीसला हॉल नाही मिळाला यार. तिथं कोणाचं तरी बेबी शॉवर आहे."

बेबी शॉवर म्हणजे डोहाळजेवण, हे मला वहिनीनं समजावलं. समजल्यावर मी आणखी चिडले. जो अजून जन्मालाच आलेला नाही त्याच्यासाठी, ज्याच्या जन्मामुळे आम्ही माणसात आलो त्या महामानवाची जयंती पुढं ढकलली होती. नागपुरात त्या दिवशी निळ्या झेंड्यांनी रस्ता दिसत नाही, चौकाचौकात भोजनदान चालतं, आणि इथं लोक चौदा एप्रिलला ऑफिसात बसून कॉम्प्युटरकडे बघणार.

"सुट्टी घे," मी म्हटलं.

"सुट्ट्या संपल्या."

"संपल्या नाहीत," वहिनी पुढच्या सीटवरून म्हणाली. "मागायला घाबरतो. गेल्या वर्षी दाताचं रूट कॅनाल केलं, ते लंच ब्रेकमध्ये. परत येऊन सुजलेल्या तोंडानं मीटिंग केली."

"ग्रीन कार्डचे कागद कंपनीच्या हातात आहेत," दादा म्हणाला. "मॅनेजरकडे सारखं काही मागत सुटलो तर कसं दिसेल? ग्रेग चांगला माणूस आहे, पण आपण नजरेत येऊ नये."

"म्हणजे तू गुलाम आहेस."

"गुलाम-बिलाम काही नाही," वहिनी म्हणाली. "त्याला डेंटल इन्शुरन्स आहे. शब्द जपून वापर प्रज्ञा, भाषणाला उरणार नाहीत."

मी तिथंच जाहीर केलं की जयंती चौदालाच. शनिवारच्या सोयीच्या जयंतीत मी तोंड उघडणार नाही. दादा गाडी चालवता चालवता पांढरा पडला. कारण मंडळाचे अध्यक्ष गजभिये काका यांना मी नकोच होते. त्यांना कोलेस्टेरॉलवर बोलणारे एक डॉक्टर हवे होते. "या वयात समाजाला कोलेस्टेरॉलची फार गरज आहे," असं ते कमिटीत म्हणाले होते म्हणे. दादानं भांडून माझं नाव घातलं होतं.

"तू बोलली नाहीस तर मला सचिवपद सोडावं लागेल," दादा म्हणाला.

"सोड."

चौदा तारखेला पहाटे तिघांनी उठून दिवा लावला, वंदना म्हटली, वाटीवाटी खीर खाल्ली आणि तिघं तीन दिशांना निघून गेले. मी घरात एकटी. पण कार्यकर्ता एकटा असला म्हणजे कार्यक्रम रद्द होतो असं कुठं लिहिलेलं नाही. मी निळा दुपट्टा घेतला आणि त्या अपार्टमेंटच्या आवारात प्रभातफेरी काढली. घोषणा मीच द्यायची, उत्तर मीच द्यायचं. जाता जाता उभ्या गाड्यांच्या वायपरखाली पत्रकं लावत गेले. घाईत मराठीचा गठ्ठा उचलला गेला होता, पण विचार महत्त्वाचा.

दुसऱ्या इमारतीपाशी एक उंच गोरी बाई छोटं कुत्रं घेऊन बाहेर आली. तिनं फार मायेनं विचारलं, "कोणत्या रंगाचं आहे?"

मांजर. तिकडे सकाळी आवारात ओरडत फिरणाऱ्या बाईचं मांजर हरवलेलं असतं, दुसरं काही असूच शकत नाही. मी म्हटलं, माझं काही हरवलेलं नाही, मी समाजाला जागं करते आहे. ती म्हणाली, तिचंही एक मागच्या वर्षी गेलं, तिला समजतं. मग ती माझ्याबरोबर निघाली. मी घोषणा द्यायची, ती वाकून गाड्यांखाली बघायची. शेवटपर्यंत आली बिचारी. फेरीत आम्ही दोन बायका आणि एक कुत्रं. माझ्या काही सभांना याहून कमी लोक होते, त्यामुळे मी फेरी यशस्वी धरते.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरचा एक माणूस पत्रक हातात घेऊन दारात आला. डिलिव्हरी करता का, असं त्यानं विचारलं. नव्या हॉटेलचं मेन्यूकार्ड समजून घरच्यांनी त्याच्यावर चर्चाही केली होती. क्रमांक चार त्यांना बरा वाटला होता. क्रमांक चार होतं 'धर्मसत्ता व राजसत्ता यांची अभद्र युती'.

त्या रात्री जेवताना दादानं तोडगा काढला. "हे बघ. तू त्या स्टोनोवर बोलणार ना? ते इथून गाडीनं जाण्यासारखं आहे. या वीकेंडला तुला नेतो. जागा बघ, मग ठरव बोलायचं की नाही. नाही म्हणालीस तर मी काकांना सांगतो, कोलेस्टेरॉल."

मी हो म्हटलं. जायला हो. बोलायला नाहीच होतं.

चार्ल्सटन, शनिवार

साउथ कॅरोलायनातलं चार्ल्सटन हे शहर दिसायला इतकं देखणं आहे की मला पहिल्याच गल्लीत संशय आला. एवढे खांब, एवढ्या गॅलऱ्या, आणि सगळं भाताच्या पैशावर. शहराबाहेर जुन्या मळेवाल्यांचे वाडे आहेत. तिकीट काढून आत सोडतात. आम्ही अशाच एकात शिरलो.

घेरदार जुन्या झग्यातली एक गाइडबाई आमच्या घोळक्याला खोल्याखोल्यांतून फिरवू लागली. बाई गोड बोलायची. हे झुंबर विलायतेहून आणलं गेलं. ही चांदी दर आठवड्याला घासली जायची. हे घर दोन वर्षांत उभं राहिलं. इथं उत्तम भात पिकायचा. सगळं आपोआप. करणारा कोणी नाही. मी हात वर केला.

"चांदी कोणी घासली?"

"नोकरांनी," बाई म्हणाली.

"पगार किती होता?"

बाई पुढच्या खोलीत गेली. तिथं पियानो होता. तो वरच्या मजल्यावर चढवला गेला होता.

"कोणी चढवला?" मी विचारलं.

दादा एका पडद्याचं कापड बारकाईनं पाहू लागला, जणू तो आमच्याबरोबर आलाच नव्हता. जेवणाच्या खोलीत बाईनं वाक्य सुरू केलं की सगळा घोळका आधी माझ्याकडे बघायला लागला. आणि तिथं मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "हू कुक्ड इट?" सॅम होती. तिच्यामागून अर्धी चड्डी घातलेले एक गोरे आजोबा म्हणाले, "हो, खरंच, कोणी?" मग त्यांच्या बायकोनंही विचारलं. गाइडबाईनं स्वयंपाकघर दुरुस्तीला काढलंय असं सांगितलं आणि आम्हाला बागेत सोडून दिलं.

बागेच्या पलीकडे भातखाचरं होती. म्हणजे एकेकाळी होती. आता नुसतं गवत आणि पाणी. पण त्या पाण्यातून मातीचे बांध सरळ रेघेत लांबवर गेलेले दिसत होते, नजर संपेपर्यंत. वहिनी तिथं थांबली ती हलेचना.

"हे हातानं घातलेत?" तिनं विचारलं.

"फावड्यानं," मी म्हटलं. मी वाचलं होतं.

"आमच्याकडं एका बांधीचा बांध नीट करायला अर्धा उन्हाळा जायचा," वहिनी म्हणाली. तिची आई भाताच्या रोवणीला जायची दुसऱ्याच्या शेतात. "पायाची बोटं पाण्यानं कुजायची. रात्री चुलीजवळ बसून आई बोटांत हळद भरायची. आणि ते आपल्या गावात, घरी परत यायचं या भरवशावर."

बाजूला पाटी होती: मगरींना खायला घालू नका.

"मगरी आहेत?" दादा दोन पावलं मागं सरकला.

"आणि त्यात उतरून काम," वहिनी म्हणाली. "प्रज्ञा, तुझ्या पत्रकात पहिलं कारण काय आहे?"

"वसाहतवादी भांडवलाची अतिरिक्त मूल्याची अमर्याद हाव."

"बरोबर आहे. पण मगर घाल."

जाता जाता दुकानात त्याच जातीचा तांदूळ कापडी पिशवीत रिबीन बांधून विकायला ठेवलेला दिसला. वहिनीनं पिशवी नाकाशी धरली आणि खाली ठेवली. "आपला भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ बरा." दुपारी एका खानावळीत चवळी घातलेला भात आणि तळलेली भेंडी मिळाली. चवळीभात आपल्यासारखाच, फक्त त्यात डुकराचं मांस. वाढणाऱ्या काळ्या मुलीनं सांगितलं, भेंडी आफ्रिकेतून आलेली आहे, तिच्या लोकांबरोबर. दादा म्हणाला त्याला ती भारतीय वाटत होती. ती म्हणाली, सगळ्यांनाच तसं वाटतं. आम्ही आणखी एक ताट मागवलं.

स्टोनो नदी, रविवार

आता खळीचं सांगते.

जागेवर स्मारक नसेल असा मला अंदाज होता. म्हणून मी रात्री मोठ्या कागदावर इंग्रजीत पोस्टर लिहिलं, वर शीर्षक आणि खाली बंडाची सात कारणं. चिकटवायला दादानं गाडीतली टेप दिली. मी परत केली. टेपनं वाढदिवसाचे फुगे चिकटवतात. भिंतीवर कागद लावायचा तर खळ लागते, मैदा पाण्यात शिजवून केलेली. आमची अर्धी चळवळ खळीवर उभी आहे. पण मोटेलमध्ये मैदा कुठून आणायचा?

सकाळी नाश्त्याच्या खोलीत गेले तर टेबलावर मैद्याचं भिजवलेलं पीठ, पिंपभर, फुकट. लोक ते एका तव्यात ओतून जाळीदार चौकोनी धिरडं करत होते, त्याला वॉफल म्हणतात. एका बाईनं चार वॉफल केले. मी फक्त दोन ग्लास पीठ उचललं आणि खोलीत नेऊन वहिनीनं सोबत आणलेल्या राइस कुकरमध्ये शिजायला लावलं.

त्यात साखर आणि अंडं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते खालून करपलं आणि वरून उतू गेलं. खोली धुरानं भरली, छताला घंटा किंचाळू लागली, मग बाहेरची, मग अख्ख्या मोटेलची. सगळी माणसं गाड्या लावायच्या जागेत गोळा झाली, रात्रीच्या कपड्यांत, हातात अर्धा वॉफल. रिसेप्शनवरचा माणूससुद्धा टेबल सोडून बाहेर आला.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर माणसं न बोलावता जमली होती, आणि एकालाही कुठं जायची घाई नव्हती. माझा हात आपोआप पिशवीतल्या पत्रकांकडे गेला. वहिनीनं मनगट धरलं.

"एक कागद जरी बाहेर काढलास," ती हसत हसत, दात न उघडता म्हणाली, "तर तुला इथंच ठेवून जाईन."

आगीचा बंब आला आणि बंबवाला आमचा कुकर हातात घेऊन बाहेर आला. हे काय आहे, त्यानं विचारलं.

"ब्रेकफास्ट," दादा म्हणाला.

"ग्लू," सॅम म्हणाली.

दोघं एकाच वेळी. बंबवाल्यानं कुकरमध्ये नाक घातलं आणि म्हणाला, वास तर छान येतोय. रिसेप्शनवाल्यानं आम्हाला अतिशय सभ्यपणे विचारलं की आमचा निघायचा बेत लवकरचा आहे का. आम्ही म्हटलं, आत्ताचा आहे.

नदी शहरापासून फार लांब नाही. मोठा रस्ता, पूल, खाली चिखल आणि उंच गवत. पेट्रोलपंप. आम्ही पुलाच्या अलीकडे शोधलं, पलीकडे शोधलं. पाटी असेलही कुठं तरी, आम्हाला सापडली नाही. दादानं पंपावरच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, माहीत नाही, मी इथं नवीन आहे, बावीस वर्षंच झाली. दुसऱ्या कोणी गुलाम ठेवले आणि दुसऱ्या कोणी बंड केलं, त्याचं काय जातं? मी रागानं एका खांबाला करपलेली खळ फासली आणि पोस्टर थापून बसवलं. तपकिरी दिसत होतं, पण बसलं.

आम्ही चार पावलं मागं होऊन अभिवादन करतो तोच एक मोठं पिवळं कुत्रं आलं आणि पोस्टर चाटू लागलं. गोड खळ, अंड्याची. आधी त्यानं शीर्षक खाल्लं, मग पहिलं कारण. दुसऱ्या कारणापर्यंत आलं तेव्हा मागून हाक आली आणि मोठी जांभळी टोपी घातलेली एक काळी बाई धावत आली.

"माफ करा. रविवारी याला काही सुचत नाही. काय खाल्लं त्यानं?"

"स्टोनोच्या बंडाची दोन कारणं," मी म्हटलं.

ती इतकी हसली की तिला टोपी धरावी लागली. तिचं नाव मिस लोरेटा. जवळच्या चर्चबाहेर झाडाखाली ती छपराच्या वर्गणीसाठी शेंगा विकत होती, आणि आठवडाभर शाळेत इतिहास शिकवायची. तिनं आम्हाला झाडाखाली नेलं, कुत्र्याच्या वतीनं मोठी पिशवी भरून शेंगा दिल्या. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा, थेट आपल्यासारख्या. मी आल्यापासून दादा पहिल्यांदा मोकळा हसला. मग आम्ही पाच जण उभ्या उभ्या शेंगा फोडत राहिलो.

"किती कारणं लिहिली होतीस?" मिस लोरेटानं विचारलं.

"सात."

"सांग."

मी सांगितली. मगरही घातली. दक्षिणेला फ्लोरिडात स्पॅनिश होते आणि तिथं पळून येणाऱ्या गुलामाला स्वातंत्र्य देऊ असं त्यांनी जाहीर केलं होतं, ते सांगितलं. शहरात तापाची साथ होती, मालक लोक घाबरलेले होते, तेही सांगितलं. ती मान डोलवत होती.

"सगळं बरोबर. आता सांग, बंड रविवारी का झालं?"

रविवार माझ्या सातांत नव्हता.

"मालक चर्चला जायचे," सॅम म्हणाली. आम्ही सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "व्हॉट? आम्हाला शाळेत दोन ओळी होत्या."

"जायचे, बिनबंदुकीचे," मिस लोरेटा म्हणाली. "आणि चर्चला बंदूक घेऊन जावं असा कायदा येऊ घातला होता, म्हणून त्याच्या आधी. पण हे झालं मालकांचं. गुलामांचा रविवार काय होता? शेतातून सुट्टी. आठवड्यातून तेवढाच वेळ एका मळ्याचा माणूस दुसऱ्या मळ्याच्या माणसाला भेटायचा. राग काय, सोमवारीही होता, बुधवारीही होता. जमायला फक्त रविवार होता."

तिनं एक शेंग फोडली, दाणे कुत्र्याला दिले.

"ढोल वाजवत, झेंडा घेऊन, स्वातंत्र्य म्हणून ओरडत या रस्त्यानं दक्षिणेला निघाले. वाटेत आणखी येऊन मिळाले. संध्याकाळपर्यंत गाठून मारले त्यांना. आणि मग मालकांनी कायदा केला. गुलामांनी जमायचं नाही. ढोल वाजवायचा नाही. लिहायला शिकायचं नाही. स्वतःसाठी काही पिकवायचं नाही. मी माझ्या मुलांना सांगते, कारणं शोधायची तर मालकांनी नंतर काय काय बंद केलं ते वाचा. भीती कशाची वाटली ते त्यांनीच लिहून ठेवलंय."

लिहायला शिकायचं नाही. आमच्या घरांत त्याचं भाषांतर करावं लागत नाही.

गाडीकडे परत येताना दादा हळूच म्हणाला, "प्रज्ञा, आम्ही शनिवारी का जमतो असं वाटलं होतं तुला?"

मला राग आला. त्याचा नाही, माझ्या सात कारणांचा. बसमध्ये, कॅन्टीनमध्ये, रात्र रात्र जागून लिहिलेली, आणि त्यात माणसं जमणार कधी हेच नव्हतं.

"बोलते सव्वीसला," मी म्हटलं. त्याचा चेहरा खुलायच्या आत पुढचं बोलून टाकलं, कारण मी काही नरम पडले नव्हते. "पण तू त्यांच्यात स्वतःला धरू नकोस. त्यांना कोणाकडे सुट्टी मागायची सोयच नव्हती. तुला सोय आहे आणि तू मागत नाहीस. पुढच्या वर्षी चौदालाच सगळ्यांनी सुट्टी घ्यायची, असा ठराव मी मांडणार."

दादानं शेंगांची पिशवी गुंडाळून खिशात घातली.

मॉरिसव्हिल, जयंतीचा शनिवार

हॉल म्हणजे एका शाळेची जेवणाची खोली. भिंतीवर फळं आणि भाज्यांची चित्रं, त्यांच्या मधोमध आमच्या महामानवाची प्रतिमा, हार, मेणबत्त्या. वंदना झाली, मुलांची गाणी झाली. गजभिये काकांनी माझी ओळख करून देताना 'थोडक्यात' हा शब्द चारदा वापरला.

मी थोडक्यातच बोलले. रविवारपासून सुरुवात केली. शेवटी काका उठले.

"मुली, चांगलं बोललीस. पण बंड फसलंच ना?"

"फसलं. आणि त्यानंतर कायद्यानं जे जे बंद केलं ते ते आपण आत्ता या खोलीत बसून करतोय. जमलोय. मघाशी ढोलकी वाजली. पोरांनी निबंध वाचले. म्हणून मला शनिवारची हरकत नाही. पण शनिवार आपल्याला आयता मिळतो. चौदा तारीख मागून घ्यायला हवी." आणि ठराव मांडला.

मग जे सुरू झालं त्याला मी लोकशाही म्हणते.

"पुढच्या वर्षी मंगळवार येतो."

"मंगळवारी आमचं रिलीज असतं."

"माझं व्हिसा एक्स्टेन्शन चालू आहे ताई, आत्ता नको."

"मुलांच्या टेस्ट असतात."

"सगळ्यांनी एकदम सुट्टी घेतली तर ऑफिसात शंका येईल."

"कसली शंका?"

"तेच तर माहीत नाही ना."

काकांनी हात वर करायला सांगितले. पाहुण्यांना मत नाही, म्हणून माझा हात खाली आणवला. सॅमचा वर गेला, तो वयात बसत नव्हता. एका विद्यार्थ्याचा गेला, त्याला नोकरीच नव्हती. मग वहिनीचा. मोजायचं काम सचिवाचं. दादा उभा राहून मोजत होता. "एक, दोन," म्हणाला, इकडे तिकडे पाहिलं, खोलीत फक्त वाढप्यांच्या पातेल्यांचा आवाज. मग त्यानं स्वतःचा हात वर केला, त्याच्याकडे जरा नवलानं पाहिलं आणि म्हणाला, "तीन."

ठराव पडला. त्यानंतर डॉक्टरांचं कोलेस्टेरॉलवर भाषण झालं. ते सगळ्यांनी गुलाबजाम खात फार लक्ष देऊन ऐकलं.

विमानतळाकडे

माझं विमान मंगळवारी दुपारचं होतं. वहिनी सोडायला येणार होती, पण खाली दादाची गाडी उभी. अंगात ऑफिसचे कपडे.

"लंच ब्रेक?" मी विचारलं.

"नाही. अर्धा दिवस मागितला. म्हटलं बहिणीला सोडायचंय."

"दिला?"

"लगेच. मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही ग्रेगनं." दादानं गाडी मोठ्या रस्त्याला लावली. "मग म्हटलं उभा आहेच, तर मी पुढच्या वर्षीची चौदा एप्रिल मागितली."

मी गप्प बसले. माझ्या बाबतीत ही बातमीच.

"त्यानं कॅलेंडर उघडलं. म्हणाला, मिलिंद, हा मंगळवार आहे. सोमवार घे, म्हणजे तुला लाँग वीकेंड मिळेल. मी म्हटलं, नको, मंगळवारच पाहिजे. तो म्हणाला, एक वर्ष आधी मागतोयस, मधला मंगळवार मागतोयस, असं काय आहे मंगळवारी?"

"मग? काय सांगितलंस?"

"सांगायला लागलो," दादा म्हणाला. त्यानं इंडिकेटर दिला, लेन बदलली. "कुठून सुरू करावं कळेना, म्हणून अगदी पहिल्यापासून सांगितलं. त्याची मीटिंग बुडाली."